पाय वर गेल्याशिवाय

"मिस ओपल, तुमचं हे गाणं संपतं तरी कधी?"

टॅन्सीनं हे विचारलं तेव्हा मिस ओपल त्या गाण्याच्या कितव्या फेरीत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गोलात बसलेली सगळी मंडळी डोळे अर्धे मिटून वाजवत होती. प्रश्न कानावर पडला तसे सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले, हात मात्र एकाचाही थांबला नाही. पॉसम हॉलो वनोद्यानातल्या त्या गोलात शिंक आली तरी तालात द्यायची असा दंडक. तिथं ही पोरगी चालू गाण्यात तोंड घालते!

खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. पैज होती. केझाया आणि लॉटी या तिच्या वर्गातल्या जिवाभावाच्या मैत्रिणी सुट्टीत तंबू घेऊन उद्यानात राहायला आल्या होत्या, आणि तेच ते सूर ऐकून दोघींच्या डोक्याचा भुगा झाला होता.

"मघापासून एकच गाणं चाललंय," केझाया म्हणाली होती. "मी जाऊन दात घासून आले, तरी तेच."

"मी झोपून उठले," लॉटी म्हणाली. "विचार ना त्या म्हातारीला, संपतं कधी म्हणून."

"वेडी आहेस का? मिस ओपलना? चालू गाण्यात?"

"विचारलंस तर या आठवड्याचे संडास आम्ही धुऊ."

आता संडास हा टॅन्सीच्या आयुष्यातला हळवा विषय. कारण प्रुइट मंडळी, म्हणजे डॅडी, ममा आणि टॅन्सी, शाळेला सुट्टी लागली रे लागली की चाकांवरच्या घरात बसून निघायची. त्या घराचं नाव 'बटाटा'. रंगानं बटाटा, आकारानं बटाटा, आणि ऊन लागलं की आत बसणाऱ्यांना उकडून काढायचं, तेही बटाट्यासारखंच. या उद्यानातून त्या उद्यानात, या जत्रेतून त्या जत्रेत. जायचं, अंगात स्वयंसेवकाचं हिरवं जाकीट चढवायचं, तंबूवाल्यांच्या चुलीतली राख काढायची, संडास धुवायचे, लोकांना अस्वलाची भीती घालायची आणि संध्याकाळ झाली की वाजवायला बसायचं. बदल्यात बटाटा उभा करायला जागा, वीज आणि पाणी. पैसे कुणी देत नसे आणि हे मागत नसत. "पैसे घेतले की मग चांगलं वाजवावं लागतं," असं डॅडींचं मत होतं.

स्वयंसेवक आणखीही होते. उद्यानातलं माजलेलं रान खायला रेंजर डकवर्थनी शेळ्या ठेवल्या होत्या, त्यांच्याही गळ्यात हिरव्या पट्ट्या. त्यातली ब्लॉसम नावाची शेळी कामाला सगळ्यांत वाघ. तिनं रान खाल्लं, रानाबाहेरचं खाल्लं, आणि 'शेळ्यांना खायला घालू नये' ही पाटीसुद्धा खाल्ली.

तर प्रश्न विचारून झाला आणि टॅन्सी चमचे हातात धरून उभीच राहिली. दोन चमचे मांडीवर आपटून ताल धरणं हे तिचं गोलातलं काम. गोलातलं म्हणजे गोलाच्या कडेचं.

मिस ओपल ऐंशीच्या पुढच्या. बसल्या काय नि उभ्या राहिल्या काय, उंची तेवढीच. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, हनुवटीखाली न धरता छातीशी धरायच्या, आणि गालात कायम पेपरमिंटची गोळी. गज न थांबवता त्यांनी गोळी या गालातून त्या गालात नेली.

"ज्यानं सुरू केलं, त्याचा पाय वर गेला की संपतं."

"आणि तुमचा पाय कधी वर जातो?"

"मला कंटाळा आला की."

गोलात हशा पिकला, तोही तालात. आता झालं ना विचारून, पळावं आता गुपचूप, असं टॅन्सीचे पाय म्हणत होते. पण मिस ओपल सोडतात होय?

"तुला आलेला दिसतो कंटाळा. छान! मग शनिवारी टरबूज जत्रेत नाचाचं पहिलं गाणं तूच सुरू कर. आणि संपवायचंही तूच."

एवढं बोलून त्यांनी आपला छोटासा काळा बूट उचलून पुढं धरला. ती फेरी पुरी झाली आणि सगळे एकदम, कुऱ्हाडीनं ओंडका तोडावा तसे, थांबले.

त्या गोलात कायदा म्हणून काय तो हा एवढाच. गाणं सुरू करील तो त्या गाण्याचा धनी. बाकीच्यांनी मागून जायचं, फेरीवर फेरी, फेरीवर फेरी. धन्याचा पाय वर गेला की ती शेवटची फेरी. हूं नाही, चूं नाही. मोठमोठी भांडणं झालेली माणसंसुद्धा हा कायदा मोडत नसत. गिटारवाले थॅकर बंधू एका कुत्र्यावरून एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. तो कुत्रा म्हातारा होऊन मेला तरी ते बोलत नव्हते. पण पाय वर गेला की दोघांच्या गिटारी एका क्षणी गप्प!

"शनिवारी!" केझाया टॅन्सीच्या दंडाला धरून नाचू लागली. "अगं, सगळी जत्रा नाचणार तुझ्यावर!"

"मेले मी," टॅन्सी म्हणाली. पण तोंड तिचं कानापर्यंत हसत होतं.

कारण तिला हेच पाहिजे होतं. कधीपासून पाहिजे होतं. चमचे ती दुधाचे दात पडायच्या आधीपासून वाजवत होती. फिडल मात्र ती बटाट्याच्या न्हाणीत, दार लावून, चोरून शिकली होती. घरच्यांपुढं दोनचारदा गाणं सुरू करूनही पाहिलं होतं, पण ते कधी पुरं झालं नाही. कारण डॅडी. डॅडींचा तिच्यावर जीव फार. पोरीचा गज जरासा अडखळला की डॅडी बँजो वाजवता वाजवता आपला पाय हळूच वर करायचे, ममा थांबायची, गाणं संपायचं. "दमलीस ना पिल्ला? छान वाजवलंस हं!" ती दमलेली नसायची. ती नुकती कुठं रंगात येत असायची. माणसाच्या डोळ्यांत माया असते, हातांत असते. डॅडींची सगळी माया उजव्या पायात उतरली होती.

पण यंदाची टॅन्सी गेल्या वर्षीची नव्हती. यंदा तिनं शाळेच्या वादविवादात 'जेवणात रोज भेंडी नको' या बाजूनं बोलून कप पटकावला होता, आणि तेव्हापासून तिला स्वतःचा आवाज फारच आवडू लागला होता. त्याच आवाजात तिनं डॅडींना गाठलं.

"डॅडी, शनिवारी माझं गाणं आहे."

"ऐकलं मी! छाती फुगली माझी. बघ, जाकिटाचं बटण तुटलं."

"ते कालच तुटलंय. डॅडी, एक शब्द द्या. माझ्या गाण्यात तुमचा पाय वर जाता कामा नये."

"माझा पाय?" डॅडींनी पायाकडं असं बघितलं, जणू शेजाऱ्याचं कुत्रंच आहे ते. "मी काय मुद्दाम करतो होय? आपोआप जातो तो."

"म्हणूनच म्हणते. मी दमले, चुकले, रडले, तरी नाही."

"प्रुइटचा शब्द! माझा पाय जमिनीवर. खिळे ठोकून ठेवतो."

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी डॅडींनी तो पाय मोडून घेतला.

झालं असं, की नव्या तंबूवाल्यांना अस्वलाविषयी चार शब्द सांगायचं काम त्यांच्याकडं होतं. खाण्याची पिशवी दोरीनं उंच फांदीला टांगायची, म्हणजे अस्वलाला मिळत नाही. डॅडी नुसतं सांगतील तर डॅडी कसले? त्यांनी नमुना म्हणून एका पोत्यात जत्रेसाठी आलेली टरबुजं भरली. पोतं शिडीवरून फांदीवर चढवलं. दोरीचं दुसरं टोक, हात मोकळे राहावेत म्हणून, स्वतःच्या कमरेला बांधलं. "आता बघा हं, किती सोपं आहे," असं म्हणून त्यांनी पोत्याला काठीनं ढोसलं. पोतं फांदीवरून खाली आलं. डॅडी वर गेले. वरून त्यांनी लोकांकडं पाहून हात हलवला, कारण ते शेवटी कलावंत. मग पोतं जमिनीवर आपटून फुटलं, टरबुजं घरंगळली, पोतं हलकं झालं आणि डॅडी खाली आले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी विचारलं, "पुढचा खेळ किती वाजता?"

दवाखान्यातून ते गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून आले. प्लास्टर नारिंगी. असं नारिंगी, की ढगाळ हवेतही माणसानं डोळ्यांवर हात धरावा. "शिकारीच्या दिवसांत कुणी मला हरीण समजायला नको," हा त्यामागचा विचार. डॉक्टरांनी एकच पथ्य सांगितलं होतं: पाय उंच ठेवायचा. बसताना, जेवताना, झोपताना, कायम उंच.

"वाजवताना?" डॅडींनी म्हणे विचारलं होतं.

"वाजवताना तर नक्कीच," असं डॉक्टर म्हणाले. वाजवणाऱ्यांची रीत त्या बापड्यांना कुठून ठाऊक असणार!

शुक्रवारी गोल बसला. डॅडी आरामखुर्चीत, पोटावर बँजो, आणि पालथ्या बादलीवर ठेवलेला तो नारिंगी पाय थेट सगळ्यांच्या नाकासमोर. मिस ओपलनी गाणं सुरू केलं. एक फेरी झाली आणि सगळे थांबले.

"कुणी केला पाय वर?" मिस ओपल कडाडल्या.

सगळ्यांनी नारिंगी पायाकडं पाहिलं.

"माझा नाही," डॅडी म्हणाले. "म्हणजे माझाच आहे, पण तसा नाही."

"पुन्हा!"

पुन्हा सुरू. पुन्हा एक फेरी. पुन्हा बंद.

"आम्हाला कळतंय हो," थोरला थॅकर कसनुसा होऊन म्हणाला. "हाताला कळत नाहीये."

"माझ्याही," धाकटा म्हणाला, पण भलतीकडं बघून.

ममाचंही तेच. ममा घंगाळ वाजवायची. पालथं घंगाळ, त्यात रोवलेला झाडूचा दांडा, दांड्याला ताणलेली दोरी. ती ओढली की पोटातून यावा तसा घुमारा निघायचा. "मी बघतच नाही तिकडं," म्हणून तिनं मान फिरवली, तर पाय बटाट्याच्या काचेत दिसला. घंगाळ बंद.

मग उपाय सुरू झाले. पायावर टॉवेल टाकला, तर तो टॉवेल पांघरलेला पाय दिसू लागला. लॉटीनं त्याच्यावर टोपी घातली आणि केझायानं चष्मा चढवला, तर तो हुबेहूब गावच्या पाद्रीबुवांसारखा दिसायला लागला आणि थॅकर बंधू अधिकच अदबीनं थांबले. डॅडींची खुर्ची उलटी फिरवली. आता पाय कुणाला दिसेना, पण मिस ओपलचा पायही डॅडींना दिसेना. सगळे थांबले तरी डॅडी आपले एकटे वाजवताहेत, वाजवताहेत, आणि मधूनच म्हणताहेत, "आज कसे सगळे एकजीव वाजवताय!"

टॅन्सीला हसूही येत होतं आणि उद्याची काळजीही लागली होती. शनिवारी नाच. चौकोनी नाच, चारचार जोड्यांचा. नाचताना जोड्या फुटतात, भलत्याचे हात भलत्याच्या हातात जातात, आणि गाणं नीट पुरं झालं तरच जो तो आपापल्या माणसाकडं परत येतो. गाणं मध्येच थांबलं तर? लोक अर्ध्यावर अडकणार. आणि जत्रा म्हणणार, प्रुइटच्या पोरीला एक गाणं पुरं करता येत नाही. पुन्हा तिला चमचे. जन्मभर चमचे!

संध्याकाळी ममा बटाट्याच्या पायरीवर मक्याची कणसं सोलत बसली होती.

"ममा, तू सांग ना डॅडींना. उद्या माझ्या गाण्यापुरतं बसू नका म्हणावं."

"गाणं कुणाचं?"

"माझं."

"मग सांगायचं कुणी?"

"त्यांना वाईट वाटेल गं."

"वाटेल की. मी लग्न झाल्यापासून त्याला सांगतेय की तू घोरतोस. रोज वाईट वाटतं, रोज घोरतो. माणूस टिकतो त्यातून." ममानं तिच्या हातात एक कणीस दिलं. "जा. आणि हे दे त्याला. भरल्या तोंडी माणूस कमी भांडतो."

टॅन्सी गेली. डॅडी बँजोच्या तारा लावत होते. तिनं तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, "पिल्ला, मी उद्या गवतामागं बसतो."

"काय?"

"मंडपात गवताचे भारे आहेत ना बसायला? त्यांच्यामागं. पायावर मोकळं गवत टाकतो. पुरूनच ठेवतो पाय. नुसता बँजो ऐकू येईल." त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मोठ्या माणसानं लहान मुलासारखं बघू नये, फार पंचाईत होते. "तुझं पहिलं गाणं, आणि मी त्यात नाही, असं कसं गं चालेल?"

टॅन्सीचा कपवाला आवाज कुठच्या कुठं पळाला.

"अंगठासुद्धा दिसता कामा नये," ती म्हणाली.

"अंगठ्याचं नखसुद्धा नाही."

शनिवारी जत्रा अशी फुलली की बास! टरबुजाच्या बिया कोण लांब थुंकतो याची चुरस लागली होती, आणि त्यात पाद्रीबुवांच्या सासूबाईंनी सगळ्या तरण्या पोरांना पाणी पाजलं होतं. मक्याचा पाव, उकडलेल्या शेंगा, गार गोड चहा. केझाया आणि लॉटी संडास धुऊन, अंगाला लिंबाच्या साबणाचा वास घेऊन आल्या होत्या.

"एवढं करून तू थांबलीस ना," केझाया म्हणाली, "तर मी ब्रश तोंडात घालीन तुझ्या."

"कुठला ब्रश ते विचारू नकोस," लॉटी म्हणाली.

मंडपात जोड्या उभ्या राहिल्या. वाजवणारे अर्ध्या गोलात बसले. कडेला गवताचे भारे, आणि भाऱ्यांमागून फक्त डॅडींची टोपी आणि बँजोची मान दिसत होती. कुठं वळायचं, कुणाचा हात धरायचा, अशा नाचाच्या हाका द्यायचं काम रेंजर डकवर्थ यांचं. अस्वल आलं, हे ज्या आवाजात सांगायचे, त्याच आवाजात ते नाचही सांगायचे, त्यामुळे लोक फार चपळाईनं नाचत.

टॅन्सीनं फिडल छातीशी धरली. तिनं स्वतःच्या पायाकडं पाहिलं. लाल बूट, नाडी सुटलेली, जमिनीवर घट्ट. आणि तिनं सुरू केलं: 'मावशीचं डुक्कर सुटलं'. या गाण्यात सूर थोडे आणि धावपळ फार.

पहिल्या फेरीत गज जरा कुरकुरला. दुसरीत सैल झाला. तिसरीत ममाचं घंगाळ, थॅकरांच्या गिटारी, मिस ओपलची फिडल आणि गवतामागचा बँजो असे एकात एक बसले, की टॅन्सीला वाटलं, आपण गाडी चालवतोय, आणि गाडीत सगळं गाव बसलंय! वर रेंजर डकवर्थ यांच्या हाका:

"हाताला हात आणि पाठीला पाठ,
शेजारणीशी बांधा गाठ!
फिरवा तिला, सोडा तिला,
पुढची म्हणते, घ्या ना मला!"

आणि नेमकी त्याच वेळी ब्लॉसम गवतामागं पोचली.

स्वयंसेवक शेळी ती. समोर गवताचा ढीग दिसल्यावर कामाला नाही म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं एक तोंड मारलं. मग दुसरं. डॅडींना दिसत होतं, पण करणार काय? दोन्ही हात बँजोत, एक पाय गवतात. ते "हुश्श! हाड! हुश्श!" करू लागले, तर तेही तालात यायला लागलं, आणि लोकांना वाटलं, वा, बँजोवाल्यानं गाण्यात काय झकास भर घातली! दोन पोरं नाचता नाचता "हुश्श! हाड!" म्हणायलाही लागली.

ब्लॉसम खात गेली. भाऱ्यांतही तोंड घालून तिनं वरचा भारा लोळवला. आणि तिथून, डोंगरामागून सूर्य उगवावा तसा, तो नारिंगी पाय हळूहळू वर आला.

थोरल्या थॅकरनं पाहिला. धाकट्यानं पाहिला. फेरी संपली आणि दोन्ही गिटारी गप्प. घंगाळ गप्प. होय, ममासुद्धा, दगाबाज! मिस ओपलचा गजसुद्धा हवेत राहिला, आणि गवतामागचा बँजोही थबकला.

नाच जागच्या जागी गोठला. पाद्रीबुवांच्या हातात त्यांच्याच सासूबाईंचे हात, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर गाणं आत्ता संपायला नको होतं असा भाव. लॉटी दोन धिप्पाड शेतकऱ्यांच्या हातांच्या कमानीखाली वाकून अडकलेली. केझायानं पाठीला पाठ लावली होती, ती नंतर कळलं, भाऱ्यांतून बाहेर आलेल्या ब्लॉसमला.

आणि त्या शांततेत एकच फिडल वाजत होती.

टॅन्सीनं नारिंगी पाय पाहिलाच नव्हता. ती आपल्या लाल बुटाकडं बघत होती. आपण एकट्याच वाजवतोय हे कळलं तसा तिचा गज अडखळला. अगदी तस्सा, घरी अडखळायचा तसा.

"पिल्ला," गवतामागून आवाज आला, "दमली असशील तर—"

"नाही दमले!"

हा कपवाला आवाज होता. परत आला होता, आणि येताना दुप्पट होऊन आला होता.

"तो पाय डॅडींचा आहे! गाणं माझं आहे! आणि माझा पाय बघा कुठंय!" तिनं लाल बूट मंडपाच्या लाकडी फळ्यांवर धाडकन आपटला. "इथं आहे! इथं! इथं! इथं!"

प्रत्येक 'इथं'ला बूट आपटला, आणि त्याचाच ताल झाला. गज त्याच्यावर जाऊन बसला. गवतामागून आधी टोपी वर आली, मग डॅडी अख्खे, एका पायावर, केसांत काड्या.

"ऐकलंत ना?" ते ओरडले. "माझ्या पायाकडं काय बघताय! पोरीच्या पायाकडं बघा!" आणि दाणकन खाली बसून त्यांनी बँजो असा छेडला की ब्लॉसमचा घास चुकला.

मिस ओपलनी पेपरमिंटची गोळी कडकन फोडली. "धनी वाजवतोय आणि तुम्ही तोंडं काय बघता? वाजवा!"

मग जे सुरू झालं त्याला नाच म्हणायचं का दंगल, ते ज्यानं त्यानं ठरवावं. घंगाळ घुमलं, गिटारी धावल्या, लॉटी कमानीखालून सुटली, पाद्रीबुवांनी सासूबाई सुखरूप परत केल्या. जो तो आपापल्या जोडीदाराकडं पोचला. गाणं पुरं झालं. म्हणजे, पुरं व्हायला काही हरकत नव्हती.

पण लाल बूट जमिनीवरच होता.

लोक पुन्हा नाचले. पुन्हा आपापल्या जोडीदाराकडं पोचले. तिसऱ्यांदा निघाले. रेंजर डकवर्थ यांच्या हाका संपल्या, तेव्हा त्यांनी उद्यानाचे नियम म्हणायला सुरुवात केली.

"खाणं ठेवा झाडाला टांगून,
कचऱ्याच्या डब्याला झाकण लावून!
अस्वल आलं तर पळू नका,
दोन पावलं मागं, गोल फिरा!"

लोकांनी तेही नाचून दाखवलं. उन्हं उतरली. एकेक जोडी भाऱ्यांवर कोसळून टरबूज खाऊ लागली. टॅन्सीचा चेहरा लाल, केस गळ्याला चिकटलेले, आणि हसू तर असं, की दुखत असणार.

"टॅन्सी, पाय!" केझाया जमिनीवर पडल्या पडल्या ओरडली. "आम्ही पुढच्या आठवड्याचेही संडास धुऊ! पाय वर कर!"

"थांबेल का रे ही?" थोरला थॅकर धापा टाकत म्हणाला.

"मला काय विचारतोस?" धाकटा म्हणाला. आणि मग दोघेही दचकले, कारण ते एकमेकांशी बोलले होते.

मिस ओपलनी मान वळवली. त्यांच्याही कपाळावर घाम होता. "पोरी," त्या म्हणाल्या, "तुझं हे गाणं संपतं तरी कधी?"

"मला कंटाळा आला की!"

"बाळा, हात गेले माझे," ममा दोरी ओढत म्हणाली. "शेवटची फेरी ना ही?"

"सांगून टाक गं पिल्ला," डॅडी म्हणाले. त्यांचा नारिंगी पाय भाऱ्यावर, उंच, साऱ्या जत्रेला दिसेल असा, आणि त्याच्याकडं एकही माणूस बघत नव्हता.

टॅन्सीनं एकदा त्या पायाकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या लाल बुटाकडं, आणि फिडलच्याही वर आवाज चढवून तिनं सांगून टाकलं:

"ममा, डॅडी, माझं ठरलंय! मी पाय वर करत नाहीये!"